इवाई पुढे, मी मागे

नागद्वारीचा रस्ता मला पाठ आहे. शाळेतली एक कविता कधी पाठ झाली नाही, चौथीत मास्तर थकले आणि मी घरी आलो. पण या रस्त्यावर डोळे बांधून सोडलं तरी मी गुहेपर्यंत जाईन. श्रावण लागला की नागपंचमीपर्यंत पचमढीमागचं ते जंगल थोडे दिवस लोकांसाठी उघडतात. मग आमच्या पांढुर्णा-सौंसरकडचे आणि पलीकडचे वऱ्हाडातले लोक बसा, जीपा भरून येतात आणि भर पावसात डोंगर चढत-उतरत, नाले ओलांडत, लोखंडी शिड्या चढत नागदेवाच्या गुहेपर्यंत पायी जातात. शहरातले पोट्टे आता त्याच डोंगरात टोप्या अन् दोऱ्या घेऊन फिरतात आणि त्याला साहस म्हणतात. आम्ही प्लॅस्टिकच्या चपला घालून जातो, म्हणून आमचं साहस होत नाही, नुसतं दर्शन होतं.

तर त्या रस्त्यावर मी एकदा चुकलो. डोळे उघडे ठेवून चुकलो. चूक समोर दिसत होती आणि मी तिच्या मागे मागे चालत होतो. कारण पुढे माझा इवाई चालला होता.

इवाई म्हणजे पोरीचा सासरा; त्याच्यासाठी पोरीचा बापही इवाईच. पुस्तकात त्याला व्याही म्हणतात, पण व्याही म्हटलं की तो जरा लहान वाटतो. आमच्याकडे पोरीच्या बापाने इवायाच्या आधी ताटाला हात लावायचा नाही, त्याच्या आधी खाटेवर बसायचं नाही, आणि दोघं रस्त्याने निघाले तर त्याच्या पुढे चालायचं नाही. हे कुठे लिहिलेलं नाही. लिहिलेलं असतं तर कोणीतरी खोडलं असतं.

माझी पोरगी रामाकोन्याजवळच्या गावात दिली आहे. घर संत्र्याचं, जावई गरीब स्वभावाचा, सासू देवभोळी. सगळं चांगलं; फक्त सासरा माझ्यासारखा. पोरीच्या हाताला एक गुण आहे. जंबेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या, खुंटावर संत्र्याचा डोळा बांधते, ते कलम वाया जात नाही. लहानपणी माझ्याच बगीच्यात शिकली. तिला कलमांची नर्सरी टाकायची होती, आणि त्यासाठी सासऱ्याच्या विहिरीजवळचा अर्धा एकर पाहिजे होता. सासरा म्हणे, बाईमाणसाने कलमा बांधाव्या, विकू नये. जागा पडीक होती, तिथे निंदणसुद्धा होत नव्हतं, पण एकदा नाही म्हटलं म्हणजे नाही. हा गुण मला कळतो.

आषाढात पोरगी माहेरी आली तेव्हा म्हणाली, "बाबा, तुम्ही बोला ना त्यायले."

"पोरीचा बाप मागत नसते," मी म्हटलं.

"मंग मागू नका. त्यायले नागद्वारी कराची आहे, नवस बोलला आहे. संग जा. रस्त्यात गोष्ट निघनच."

नवस असा होता की रात्रपाळीने झाडांचं ओलीत करताना इवायाच्या पायावरून नाग गेला होता. चावला नाही. इवाई गावात सांगत सुटले की नागाने त्यांना ओळखलं. माझं मत असं की नागाला घाई असेल. पण माझं मत कोणी विचारलं नव्हतं, आणि इवायाने नागद्वारीला पायी येतो म्हणून कबूल केलं होतं. आजवर ते एकदाही गेले नव्हते. हे मात्र त्यांनी नागाला सांगितलं होतं की नाही, माहीत नाही.

सौंसरच्या स्टँडवर आम्ही छिंदवाड्याची बस धरली, तिथून पचमढीची. मी इवायाला खिडकी दिली. ते म्हणाले, "बसा तुम्ही." मी म्हटलं, "असं कसं, तुम्ही बसा." ते बसले. तामियाचा घाट लागला आणि खिडकीतून खालची दरी दिसायला लागली तसे इवाई पांढरे पडले. डोळे मिटून घेतले. मला कळत होतं की त्यांना आतल्या बाजूला बसायचं आहे. त्यांनाही कळत होतं की मला कळलं. पण मानाची जागा सोडायची कशी? मळमळत, घाम पुसत ते घाटभर मानाच्या जागेवर बसून राहिले. मधून एकदा म्हणाले, "हवा चांगली आहे इथं."

"आहे ना," मी म्हटलं.

सकाळी चालायला सुरुवात केली. पाऊस बारीक, धुकं जाड. पुढच्या माणसाची पाठ दिसे, त्याच्या पुढच्याचा नुसता आवाज. हर हर महादेवाचा गजर चालला होता. बाया साड्या खोचून, डोक्यावर प्लॅस्टिकची पन्नी बांधून सरसर उतरत होत्या. इवाई पुढे, मी मागे. त्यांनी नवे बूट घातले होते, जावयाने घेऊन दिलेले. खांद्याला पिशवी, तिच्यात नवसाचा नारळ, माझ्या पोरीने बांधून दिलेल्या पुऱ्या, आणि पन्नीत गुंडाळलेला मोबाइल. जावयाने त्यात अख्ख्या डोंगराचा नकाशा टाकून दिला होता.

एका ठिकाणी रस्ता फुटतो. यात्रा खालच्या अंगाने जाते. तो रस्ता चिखलाचा, हजारो पायांनी तुडवलेला. वरच्या अंगाने एक पायवाट निघते. दगडाची, स्वच्छ, बुटांना सोयीची. इवायाने खालचा चिखल पाहिला, आपले बूट पाहिले, आणि आपल्याच शेताच्या धुऱ्यावर वळावं तसे ते वर वळले.

मी थांबलो. शब्द जिभेवर आला होता. इवाई, तिकडून नाही. एवढंच म्हणायचं होतं. पण मग मनात आलं, आज संध्याकाळपर्यंत जागेची गोष्ट काढायची आहे आणि सकाळीच माणसाला चूक म्हणायचं? तेही इतक्या लोकांपुढे? इवायाने वळून माझ्याकडे पाहिलं. डोक्यावरचं पाणी डोळ्यात येत होतं, मी मान झटकली. ते समाधानाने पुढे चालायला लागले. मी विचार केला, थोडं जातील, वाट संपेल, आपणच परततील. माणूस आपल्या मनाने परतला तर त्याचा अपमान होत नाही.

इवाई आपल्या मनाने परतणारे नव्हते. मी त्यांच्या जागी असतो तर मीही परतलो नसतो.

गजर मागे राहिला. मग खाली गेला. मग डावीकडून यायला लागला.

"गर्दी नाई इकडं," इवाई म्हणाले.

"नाई," मी म्हटलं.

"लोकायले हा रस्ता माहीत नसन."

"नसन."

जरा वेळाने पायवाट बारीक झाली. मग गवतात गेली. एका जागी वारुळ फोडलेलं दिसलं, ताजी लाल माती चहूकडे उडालेली, नखांचे ओरखडे. इवाई थांबले.

"हे कोण खंदलं?"

"अस्वलानं."

इवायाने त्या ओरखड्यांवर आपला पंजा धरून पाहिला. "मोठं असन," ते म्हणाले.

"पोट भरून गेलं दिसते," मी म्हटलं. त्यांना धीर द्यायचा म्हणून म्हटलं. त्यांनी चाल वाढवली, पण वाढवायची म्हणजे पुढेच वाढवायची होती, आणि अस्वलही पुढेच गेलेलं दिसत होतं. मोठा मान असलेल्या माणसाची अशी अडचण होते. पुढे राहावं लागतं.

मग नाला आला. फार रुंद नव्हता, पण वर कुठे जोराचा पाऊस झाला असावा, पाणी मातकट आणि आवाजाचं होतं. मधे तीन-चार दगड वर निघालेले. इवाई काठावर उभे राहिले. मीही त्यांच्या मागे उभा राहिलो.

"इवाई," ते म्हणाले, "तुम्ही व्हा पुढं."

"असं कसं. तुमच्या पुढं मी होईन का?"

"जंगलात कायचा मान? व्हा तुम्ही."

"मान जंगलात सुटत असते का इवाई? गावात कळलं तर लोक मले काय म्हणतीन?"

"कोण सांगते गावात?"

"मी नाई सांगत. पण आपल्याले तर माहीत राहीन."

हे बोलणं बराच वेळ चाललं. आम्ही एकमेकांना हात जोडले. त्यांनी माझ्या वयाचा मान काढला, मी त्यांच्या घराण्याचा काढला. तेवढ्यात मधल्या दगडांपैकी एक बुडाला. पाणी आमच्या मानापानासाठी थांबलं नव्हतं. शेवटी इवायाने चिडून पहिल्या दगडावर नवा बूट ठेवला. दगडाला शेवाळ होतं आणि बुटाला अनुभव नव्हता.

मी त्यांच्या सदऱ्याची कॉलर धरली, मग काखेत हात घातला, आणि आम्ही दोघं मागे चिखलात बसलो. इवाई कमरेपर्यंत ओले. पिशवी खांद्यावरून सुटून पाण्यात गेली. थोड्या अंतरावर ती उघडली असावी, कारण नारळ बाहेर आला आणि उड्या मारत एकटाच खाली निघून गेला. आमच्या तिघांत रस्ता त्यालाच माहीत होता असं वाटलं. मोबाइल पन्नीत, पन्नी पिशवीत, आणि पिशवी जिकडे गेली तिकडे अख्ख्या डोंगराचा नकाशाही गेला.

आम्ही मागे सरून एका कपारीखाली बसलो. इवाई थरथरत होते. मी माझा पंचा दिला, तो ओलाच होता, पण पिळलेला. पाऊस वाढला. धुक्यात समोरचं झाडसुद्धा दिसेना. माझ्या पिशवीत घरच्या ज्वारीच्या भाकरी आणि मिरचीचा ठेचा होता. मी फडकं सोडून त्यांच्यापुढे ठेवलं आणि त्यांनी घास घ्यायची वाट पाहत बसलो. ते घेईनात. मला सकाळपासून भूक होती. ते भाकरीकडे पाहत होते, मी त्यांच्याकडे पाहत होतो.

"इवाई," शेवटी ते म्हणाले, "एक इचारू?"

"इचारा ना."

"तुम्ही किती डाव आले इथं?"

"मोजले नाई."

"मंग तुमाले माहीत असन. हा रस्ता कुठी जाते?"

खोटं बोलायची ती जागा नव्हती. मी म्हटलं, "कुठीच नाई जात."

इवायाने भाकरीचा एक तुकडा मोडला, पण खाल्ला नाही.

"त्या फाट्यावरच माहीत होतं तुमाले?"

"होतं."

"मी मांगं पाह्यलं होतं. तुम्ही मान हालवली."

"ते पावसाचं पाणी झटकलं."

"पाणी झटकलं," इवाई म्हणाले. "पोरीचा सासरा अस्वलाच्या तोंडात जाऊन राहिला, अन् हे पाणी झटकून राहिले. वा इवाई. लय मान देला."

मी म्हटलं, "तुम्ही पुढं होते. पुढच्याले मागचा कसा टोकन?"

"तोंडानं टोकते माणूस. तोंड दिलं देवानं." मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. संत्र्याच्या दलालाकडे पाहतात तसं. "माणूस एवढा गप राहते तं त्याले काही पायजे असते. काय पायजे तुमाले?"

इतकी सरळ संधी मला आयुष्यात फार वेळा मिळालेली नाही. माझी पोरगी सासरी बसून देवाचं नाव घेत असेल, की बाबा आज बोलतील. तीन शब्द होते. विहिरीजवळचा अर्धा एकर. तोंड उघडलं की झालं. आणि मी, एका कपारीत, ओल्या धोतराने, उपाशी बसलेला माणूस, काय बोललो?

"मले काय पायजे. काहीच नाई."

"काहीच नाई?"

"नाई."

"नाई तं नाई," इवाई म्हणाले, आणि भाकरी खायला लागले. मीही खाल्ली. ठेचा तिखट होता, डोळ्यात पाणी आलं; दोघांच्याही.

पाऊस कमी झाला तेव्हा मी उठलो आणि इवायाकडे न पाहता पुढे झालो. पोरीच्या लग्नापासून मी कधी इवायापुढे चाललो नव्हतो. माझ्या काठीचं मागचं टोक त्यांनी धरलं. उतरताना दोनदा घसरले, एकदा मी घसरलो. मी घसरलो तेव्हा ते म्हणाले, "पाहून," आणि त्या शब्दात त्यांना फार समाधान झालं. आलो तसे फोडलेल्या वारुळापाशी आलो, मग दगडाच्या पायवाटेला, आणि धुक्यातून गजर स्पष्ट यायला लागला. फाटा समोर दिसला. खालून बायांचा एक जथा गात चालला होता.

तिथे काठी मागून ओढल्यासारखी झाली. इवाई थांबले होते.

"आता मी होतो पुढं," ते हळूच म्हणाले. "लोक पाहून राहिले."

मी बाजूला झालो. जिथून चुकायचं म्हटलं तरी कोणाला चुकता येत नाही, हजारो माणसं जिथे एकमेकांना ढकलत नेतात, त्या रस्त्यावर इवाई पुढे झाले आणि मागे वळून मला माझ्याच काठीने वाट दाखवू लागले. "इथं चिखल आहे इवाई. इथं दगड आहे." एका पोट्ट्याने विचारलं, आजोबा, अजून किती लांब? तर म्हणाले, "आलंच आता. घाबरू नको."

गुहेपाशी रांग होती. आत पाणी ठिबकत होतं, कापराचा धूर, एकावेळी थोडेच लोक वाकून जात. दाराशी इवाई अडले. नवस त्यांचा, आणि नारळ नाल्यात. मी माझ्या पिशवीतला माझा नारळ काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो असा घेतला जणू मी त्यांचाच नारळ इतका वेळ सांभाळत होतो.

आमच्या वयाची माणसं देवाशी मोठ्याने बोलतात. कानाने कमी ऐकू येतं, मग वाटतं देवालाही तसंच असेल. इवायाने नारळ ठेवला, हात जोडले, आणि मला ऐकू जाईल इतक्या आवाजात सुरू केलं.

"नागदेवा, पायावरून गेला, चावला नाई, तुही मेहरबानी. आता अजून एक सांगतो. माही सून विहिरीजवळची जागा मागून राहिली. अर्धा एकर. पोराकडून तीनदा निरोप देला, सासूकडून देला, आता बापाले पाठोलं. बापाले तोंड नाई. तो डोंगरात मरन पण मागणार नाई. असा माणूस म्या पाह्यला नाई." इथे ते थांबले. "म्हणजे घरच्या आरशात पाह्यला. तं तुह्या साक्षीनं जागा देली. त्यानं मागतली म्हणून नाई. तुले सांगून ठेवतो, उद्या त्यानं म्हणू नये."

मी मागे उभा होतो. मी काही ऐकलं नाही असं तोंड केलं. देवानेही तसंच केलं.

परतीच्या बसमध्ये इवायाने मला खिडकीला बसवलं. "असं कसं," मी म्हटलं. ते म्हणाले, "बसा हो, घाटात हवा लागते." मग तामिया गेल्यावर, डोळे मिटूनच म्हणाले, "इवाई, रस्ता कोण चुकला, हे लोकायले सांगाची गरज नाई."

"कोण चुकला?" मी विचारलं.

त्यांनी एक डोळा उघडला, माझ्याकडे पाहिलं, आणि मिटला. व्यवहार पुरा झाला.

पोरीला जागा मिळाली. आता तिथे जंबेरीचे खुंट रांगेने उभे आहेत, वर हिरवी जाळी आहे, आणि पांढुर्ण्याचे, तिगावचे लोक तिच्याकडून कलमा नेतात. पहिल्यांदा मी तिच्या नर्सरीत गेलो तेव्हा ती खाली बसून खुंटांवर डोळे बांधत होती. पट्टी दातात धरून म्हणाली, "बाबा, तुम्ही त्यायले म्हटलं तरी काय?"

"म्हणाचं एक तंत्र असते," मी म्हटलं. ती हसली. तिला खरं माहीत होतं की नाही, मला कळलं नाही. सून सासऱ्याजवळ राहते आणि सासरा मोठ्याने बोलतो.

इकडे इवाई गावात सांगत होते, आणि मी दोनदा त्यांच्या पारावर बसून ऐकलं, की नागद्वारीला एक वरचा रस्ता आहे. यात्रेला तो माहीत नाही. त्या रस्त्याने अस्वलाची जागा दिसते. "नाल्याले पूर आला होता, माहे इवाई घाबरले, तं म्या त्यायले हाताले धरून आणलं." एवढं सांगून ते माझ्याकडे पाहत. मी मान हालवत असे. त्या वेळी पाऊस नव्हता, झटकायला डोक्यावर पाणीही नव्हतं. पण अर्धा एकर होता. विहिरीला पाणी असलेला अर्धा एकर काही लहान गोष्ट नाही.

इथे मी कोणाचं नाव घातलेलं नाही. तेवढा इवायाचा आब राखला. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील, आणि इवायाने वाचलं तरी आता कलमा जमिनीत धरल्या आहेत.

अडचण निराळीच झाली आहे. रामाकोन्याकडच्या लोकांना ती गोष्ट फार आवडली. यंदा श्रावणात एक जीप भरून माणसं निघणार आहेत आणि सगळ्यांना वरच्याच रस्त्याने जायचं आहे. परवा इवायाचा निरोप आला: तुम्ही याच, तुमच्याशिवाय जमायचं नाही, मी पुढे राहीन, तुम्ही मागे राहा. मी येतो म्हणून कळवलं. पुढे तेच राहोत. फाट्यावर ते वळून माझ्याकडे पाहतील, आणि या खेपेला मी मान हालवायची की तोंड उघडायचं, ते अजून ठरलं नाही. पोरगी म्हणते, विहिरीपलीकडचा तुकडाही पडीक आहे.

एवढं मात्र ठरलं आहे की सगळ्यांचे नारळ माझ्या पिशवीत राहतील.